सातावरची रेघ

इकितोस,
17 ऑगस्ट 1986

प्रिय सोराइदा,

नाउताच्या होडीवाल्याकडून कळलं, माहेरी तू आता दोन घास खातेस, आईंना हातभार लावतेस. बरं वाटलं. मी ठीक आहे. नदी फार उतरली आहे. धक्क्यावर जायचं तर गुडघाभर चिखल. तुझी लाल कोंबडी शेजारच्या अंगणात अंडी घालते आणि शेजारीण ती खुशाल खाते. भांडायला तूच हवीस, मला जमत नाही.

कामावर, केंद्रात, मोठ्या पिंजऱ्यातल्या मुस्मुकींना, त्या रात्री जागणाऱ्या माकडांना, पिल्लू झालं. बाप त्याला पाठीवरून उतरूच देत नाही, आई फक्त पाजायला घेते. मी तिथे फार वेळ थांबत नाही.

सोराइदा, ताप असताना आपल्या मिरेयाला नदीवर न्हाऊ घातलं म्हणून ती गेली, असं तू धरून बसलीस. आईही तेच म्हणतात. तुझ्यामुळे नाही गं. माझ्यामुळे.

त्या सोमवारी मी तिच्या बोटाला टोचून काचेवर थेंब घेतला, आठवतं? दवाखान्यात निकालाला चार दिवस लागतात आणि आमच्या केंद्रात फक्त माकडांचं रक्त तपासतात. म्हणून मी तिच्या काचेवर मेलेल्या सतरा नंबरच्या माकडाचा आकडा, 17, घातला आणि काच गुपचूप रांगेत सरकवली.

दुपारी रक्त तपासणाऱ्या ओतिलियाबाई सूक्ष्मदर्शकावरून ओरडल्या, "अकराला लागला! अरे, एवढे जंतू वर्षभरात पाहिले नव्हते!" त्या अकरा नंबरच्या माकडाला प्रयोगासाठी हिवतापाचे जंतू टोचून महिना झाला तरी हिवताप लागत नव्हता, डॉक्टर वैतागले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग हळूच विचारलं, "आणि सतरा?"

"सतराचं काही नाही. जा, पिंजरे धू."

मला वाटलं, रक्त साफ आहे. घरी येऊन तुला म्हणालो, साधा ताप आहे, लिंबूपाणी दे. हिवतापाचं औषध केंद्राच्याच कपाटात पडलं होतं. बुधवारी तिला झटके आले.

परवा कळलं, अकराला हिवताप कधी लागलाच नव्हता. मी काचांची पेटी उपसली. त्या दिवसाच्या दोन काचा अकराच्या. एक माझ्या अक्षरातली, घाईत लिहिलेली. बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "सतराची काच होतीच कुठे? मेलेल्याचं रक्त कोण आणणार?"

लग्नाआधी आकडे तूच शिकवलेस मला. "आबेलार्दो, साताच्या कमरेला पट्टा बांध, नाहीतर त्याचा एक होतो," म्हणून हसायचीस. त्या सकाळी मी पट्टा बांधला नाही, सतराचे अकरा झाले.

शिव्या द्यायच्या तर मला दे. नदीला नको, स्वतःला तर मुळीच नको. माफ कर असं लिहायला बसलो होतो, हात चालला नाही. परत ये म्हणायचाही हक्क मला नाही. फक्त आज नदीवर जा आणि डोक्यावरून पाणी घे, गेल्या दोन महिन्यांत तू घेतलं नाहीस म्हणे.

वर तारखेतल्या साताला रेघ मारली आहे. दोनदा पाहिली.

मिरेयाचा बाप,
आबेलार्दो