निळी फरशी आणि नाव नसलेली कादंबरी

मी, लंकाबाई, मयत सूर्यभान गर्जे यांची बायको, राहणार बाभूळवाडी, तालुका पाथर्डी, जिल्हा अहिल्यानगर, वय अंदाजे बासष्ट, आयुष्यभर ऊसतोड केली आणि आता शेळ्या सांभाळते. हे मृत्युपत्र मी कुणाच्या सांगण्यावरून नव्हे, तर चष्मा लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. छातीचे तसे म्हणता येत नाही. पुढच्या आठवड्यात नगरला ऑपरेशन आहे, म्हणून आज बसले.

नवऱ्याचे नाव मी कधी घेतले नव्हते. वकील म्हणाले, कागदावर घ्यावेच लागते. घेतले. यापुढे 'हे' असेच लिहीन.

कलम पहिले. दोन खोल्या, ओटा आणि मागची पत्र्याची शेड माझी एकुलती मुलगी रोहिणी हिच्या एकटीच्या नावावर व्हावी. ती पुन्हा नांदायला गेली तरी तिची, न गेली तरी तिचीच. शेळ्याही तिच्या. फक्त काळी शेळी शेजारच्या बनुबाईला द्यावी, कारण ती आजवर बनुबाईच्याच मेथीवर पोसली आहे. त्यावरून झालेली सगळी भांडणे या कलमाने मिटली असे समजावे.

कलम दुसरे. यांचा कोयता. आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायको मिळून जातात आणि त्या दोघांना मुकादम 'एक कोयता' म्हणतो. हे तोडायचे, मी मोळ्या बांधायची. भांडण झाले तरी तोडायची उसाची सर, म्हणजे ओळ, दोघांना एकच, त्यामुळे अबोला फार टिकायचा नाही. हे जाऊन तीन वर्षे झाली. अजून सकाळी चहाला मी दोन कप काढते आणि एक परत ठेवते. कोयता भिंतीवर टांगून ठेवावा. रोहिणीच्या हातात आपण होऊन कुणी देऊ नये. तिने मागितला तर द्यावा.

हे एवढ्यासाठी लिहिले की जावई कल्याण यांनी लग्नानंतरच्या पहिल्याच दिवाळीत रोहिणीला न विचारता मुकादमाकडे आपला एक कोयता लिहून दिला. रोहिणी तेव्हा शिवणकाम करत होती, ब्लाऊजला गिऱ्हाइके रांग लावत होती. तिला ही बातमी मुकादमाच्या बायकोकडून कळली. ती मशीन टेम्पोत घालून माझ्याकडे आली. कल्याण त्यानंतरचे दोन हंगाम अर्धा कोयता म्हणून एकटेच गेले. दुसरी कुणी जोडीला घेतली नाही, हे त्यांच्या बाजूने नोंदवते.

कलम तिसरे. कादंबरी. कारखान्यावरच्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, असताना चटणीच्या पुड्यांचे कागद जुळवत मी वाचायला शिकले आणि पुढे मिळेल ते वाचले. ही कादंबरी मला बाजारात रद्दीत मिळाली. नाव सांगता येत नाही, कारण नावाचे पान यांनी चुना बांधायला फाडले. गोष्ट अशी की शिरीष आणि मृदुला यांची गैरसमजातून ताटातूट होते आणि वीस वर्षांनी पुन्हा गाठ पडते. मी वाचायचे, हे ऐकायचे.

कादंबरीत चांगले काय, ते आधी लिहिते. दोघे पुन्हा भेटतात तेव्हा तिला चष्मा लागलेला असतो. ती लाजून तो काढते, तर तो खिशातून स्वतःचा काढून नाकावर ठेवतो. दोघे हसतात. हे पान यांनी माझ्याकडून इतक्यांदा वाचून घेतले की ते सुटे झाले आहे. माणूस म्हातारा होऊनही परत येऊ शकतो, हे लेखकाने पटवले. दुसरे म्हणजे मृदुला लगेच विरघळत नाही. चांगली ताटकळत ठेवते.

आता उणे. हे दोघे भेटले की दर वेळी पाऊस पडतो. आमच्या तालुक्यात हे प्रेम जमलेच नसते. शिवाय कुणी स्वयंपाक करत नाही. हे मला विचारायचे, "ह्या दोघांना कामधंदा न्हाई का? मुकादम कोन हाय ह्यांचा?"

पण खरी खोट शेवटी आहे. शिरीष बंगला बांधतो, फाटकावर तिचे नाव कोरतो, ती रडते आणि पुस्तक संपते. अरे, पण तिला बंगला हवा होता का? सबंध पुस्तकात हा गडी तिला एकदाही विचारत नाही. मृदुलाला जायला दुसरे घर नव्हते, म्हणून तिने माफ केले की मनापासून केले, हेही कळत नाही. पहिले कलम मी या पुस्तकामुळेच तसे लिहिले.

कल्याण महिन्या-दोन महिन्यांनी येतात, ओट्यावर बसतात, पाणी पितात, जातात. रोहिणी आत मशीनवर पाय चालवत राहते, पण ते आले की सुई चुकते. गेल्या खेपेला म्हणाले, "मामी, चूक झाली माझी. आता घर बांधलंय. निळी फरशी घातलीय."

"रोहिणीला इचारलं का, बापू?"

"आवडंल की तिला."

मला तिथेच शिरीष दिसला. कादंबरी कल्याण यांना द्यावी. आधी उणे वाचावे, मग पुस्तक.

कलम चौथे. माझ्या दहाव्याला बुंदी नको. यांच्या वेळची कच्ची होती.

साक्षीदार दोन पुरेत, असे वकील म्हणाले, आणि ज्याच्या बायकोला घर मिळते त्याची सही नको म्हणाले. तरी तिसरी सही मी कल्याण यांची मागितली आहे. कायद्याला नको असेल, मला हवी. घर रोहिणीचे एकटीचे, हे त्यांनी तिच्यासमोर ऐकावे, एवढाच हेतू.

सह्यांआधी एवढे जोडते. आत्ताच पहिले साक्षीदार गहिनीनाथ यांनी वरचे सगळे मोठ्याने वाचून दाखवले. फरशीचा मजकूर आला तेव्हा बनुबाई पदरात हसली. कल्याण यांनी पेन हातात घेतले, पण टेकवले नाही. आतल्या दाराकडे बघून म्हणाले, "रोहिणी, करू का सही?"

मशीन थांबली. "करा. पन ती निळी फरशी मला न्हाई चालायची."

"मंग कंची घालू?"

रोहिणी बाहेर येऊन ओट्यावर बसली. अजून सांगते आहे.

हा प्रश्न कादंबरीत नाही, म्हणून मृत्युपत्रात लिहून ठेवते.

ठिकाण : बाभूळवाडी, ता. पाथर्डी
दिनांक : २२ मे २०२५

लिहून देणार : लंकाबाई सूर्यभान गर्जे (सही)

साक्षीदार :
१. गहिनीनाथ भिमाजी पालवे (सही)
२. बनुबाई छगन आव्हाड (अंगठा, काळी शेळी नको म्हणते, म्हणून तीही रोहिणीला)
३. कल्याण (सही, विचारून केलेली)