ताईचं डोमेन आणि एक वाचक

३ मार्च, सोमवार

आजपासून रोजनिशी. माणूस शिस्तीत असला की कामं आपोआप होतात. पहिला संकल्प: सगळे पासवर्ड एका जागी आणायचे. दुसरा: स्वतःचा ब्लॉग सुरू करायचा. विषय ठरलाय, शिस्त.

ऑफिसात माझं काम लिफ्टच्या दुरुस्तीचं वेळापत्रक लावायचं. पण प्रिंटर अडकला की अख्खा मजला माझ्याच नावाने हाका मारतो. टेक्निकल डोकं उपजत असावं लागतं.

४ मार्च, मंगळवार

पासवर्ड एका जागी आणले. त्यातले चालणारे फारच कमी निघाले.

६ मार्च, गुरुवार

ताईचा फोन. ताई म्हणजे माझी मोठी बहीण, निवृत्त नर्स. वॉर्डात काढलेल्या वर्षांवर ब्लॉग लिहिते, दर गुरुवारी एक लेख. जुन्या सिस्टर, बरे होऊन गेलेले पेशंट, त्यांची पोरंबाळं असे बरेच जण वाचतात म्हणे. मला वाचायला सवड होत नाही, पण लिंक ती न चुकता पाठवते.

ताई म्हणाली, गेले काही गुरुवार कुणाची एक प्रतिक्रिया नाही, काही बिघडलंय का. मी म्हणालो, सगळं व्यवस्थित आहे, लोक आपापल्या कामात असतात. हे न बघताच म्हणालो. आपण ठामपणे बोललो की समोरच्याला धीर येतो.

मग बघितलं. ताईच्या पत्त्यावर गाद्या! एका गादीवर एक बाई हातपाय पसरून झोपलेली, वर भरघोस सवलत.

७ मार्च, शुक्रवार

शांत डोक्याने विचार केला.

ताईचा ब्लॉग आधी फुकटच्या पत्त्यावर होता आणि विनातक्रार चालत होता. ती निवृत्त झाली त्या दिवशी मी तिला खास तिच्या नावाचं डोमेन भेट दिलं. हॉस्पिटलच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर जाहीर केलं. टाळ्या पडल्या. डोमेन घेताना मेल दिला माझ्या तेव्हाच्या ऑफिसचा, कारण समोर तोच उघडा होता. ब्लॉगच्या मालकाचं लॉगिनही त्याच मेलवर हलवलं, एकसूत्रीपणा असावा म्हणून. पुढे ती नोकरी सोडली. डोमेनची मुदत संपत आल्याच्या सूचना त्या मेलवर जात राहिल्या असणार. मुदत संपली आणि नाव गादीवाल्याने उचललं.

ताईला यातलं काही दिसत नाही. ती लिहिते ती मागची खोली, वाचक येतात ते पुढचं दार. मागच्या खोलीची किल्ली तिच्याकडे आहे आणि एक माझ्याकडे. तिथे आम्हा दोघांचीही नोंद 'लेखक' अशी आहे. दार बदलायचा अधिकार फक्त मालकाला, आणि मालक म्हणजे माझा जुना मेल.

चूक तशी कुणाचीच नाही. सिस्टीमची आहे. ताईला सांगून उगाच तिच्या जिवाला घोर कशाला? आधी दुरुस्त करतो, मग गंमत म्हणून सांगेन.

८ मार्च, शनिवार

मालकाच्या लॉगिनवर चढाई. पासवर्ड चुकला. कोड पाठवतो म्हणाला, तर तोही जुन्या मेलवर. मग गुप्त प्रश्न आला: लहानपणीचा जिवलग मित्र कोण? शेजारचा टाकून बघितला. शाळेतला टाकला. मामेभाऊ टाकला. शेवटी स्वतःचं नाव टाकलं. तेही चुकलं. मग खातंच कुलूपबंद झालं.

बायकोने विचारलं, सकाळपासून काय चाललंय. म्हणालो, सुरक्षा तपासणी.

१० मार्च, सोमवार

उपाय सोपा आहे. जुन्या ऑफिसच्या आयटीवाल्याला फोन करायचा. तो मेल जरा वेळ उघडून देईल, की झालं काम.

अडचण एकच. नोकरी सोडताना मी अख्ख्या ऑफिसला निरोपाचं पत्र पाठवलं होतं. त्यात एक ओळ अशी होती, की आयटी विभागाला मनःपूर्वक शुभेच्छा, त्यांची सर्वांत जास्त गरज त्यांनाच आहे. फार हशा झाला होता. निदान मला तरी आलं होतं हसू.

उद्या फोन करतो.

११ मार्च, मंगळवार

उद्या नक्की.

१३ मार्च, गुरुवार

ताईचा फोन. आज लेख लिहिला नाही म्हणाली. लोकांना कंटाळा आला असेल, तेच ते वॉर्ड आणि तेच ते पेशंट, कोण वाचणार. "बास करते आता," म्हणाली. आवाज रोजचाच होता, म्हणून जास्त लागलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही होतं. पण तेवढ्यात तिने विचारलं, तुझी पाठ कशी आहे. मग पाठीवर बोललो.

१४ मार्च, शुक्रवार

दिवसभर कशात लक्ष नाही. एका इमारतीची लिफ्ट चुकून दोनदा दुरुस्तीला लावली. माणसं दोनदा गेली. तिथला वॉचमन खूश झाला म्हणे, कुणीतरी काळजी घेतंय असं वाटलं त्याला.

त्यावरून सुचलं. ताईला हवाय वाचक. तेवढा देता येईल.

१५ मार्च, शनिवार

नवीन मेल उघडला. नाव, 'एक वाचक'. पासवर्ड सोपा ठेवलाय, या वेळी विसरणार नाही. मागच्या खोलीतून ताईचा शेवटचा लेख उघडला आणि तिच्या मेलवर पत्र पाठवलं: 'तुमचा कवळीवाल्या आजोबांवरचा लेख वाचला. फार आवडला. लिहीत राहा.'

खरं सांगायचं तर लेख वरवर चाळला होता. पण पाठवल्यावर पूर्ण वाचला. ते आजोबा रोज कवळी उशीखाली लपवायचे आणि चोरीला गेली म्हणून ओरडायचे, म्हणजे सगळा वॉर्ड गोळा व्हायचा आणि कुणीतरी जवळ बसायचं. बरा आहे लेख. चांगला आहे.

याला खोटं बोलणं म्हणत नाहीत. तांत्रिक आधार म्हणतात.

१७ मार्च, सोमवार

एक वाचकला ताईचं उत्तर. आभार मानलेत आणि विचारलंय, लेख तुम्हाला कुठे सापडला. मी कळवलं, नेहमीच्याच ठिकाणी.

बायकोला सांगून टाकलं. तिने भाजी चिरता चिरता एवढंच विचारलं, की दार बंद आहे तर हा वाचक आत आला कुठून. म्हटलं, तांत्रिक बाब आहे, तुला नाही कळायची. ती हसली. बायकांना तंत्रज्ञानाचं गांभीर्य नसतं.

२० मार्च, गुरुवार

ताईने लेख टाकला! जीव भांड्यात पडला. एक वाचकने लगेच पत्र पाठवलं. या वेळी आधी वाचून मग लिहिलं, त्यामुळे पत्र लांबलं.

२४ मार्च, सोमवार

अखेर आयटीवाल्याला फोन केला. पहिल्या वेळी त्याने उचलल्यावर मी ठेवला. दुसऱ्या वेळी बोललो. माणूस अत्यंत नम्र. म्हणाला, तो मेल तुम्ही गेलात त्याच आठवड्यात कायमचा पुसला, परत येणार नाही. मी आभार मानले. तो म्हणाला, तुमच्या शुभेच्छा पोचल्या होत्या, अजून वापरतोय.

अपमान गिळला. ताईसाठी गिळला.

२५ मार्च, मंगळवार

गप्प बसणाऱ्यांतला मी नाही. ताईच्या नावामागे एक रेघ जोडून नवीन डोमेन विकत घेतलं. मेल दिला एक वाचकचा. संध्याकाळी लक्षात आलं, की ते ब्लॉगला जोडायला मालकाचं लॉगिन लागतं.

म्हणजे आता माझ्याकडे एक दार आहे, भिंत नाही. माझ्या शिस्तीच्या ब्लॉगला वापरता येईल. पण त्यावर ताईचं नाव आहे.

२७ मार्च, गुरुवार

ताईचा नवा लेख बाबांच्या शेवटच्या आजारपणावर. दोनदा वाचला. एवढा भाग इथे उतरवून ठेवतो.

'धाकट्याला खोलीत थांबवत नसे. दाराशी यायचा, बाबांकडे बघायचा आणि लगेच घड्याळाकडे. मग मी त्याला औषधं आणायला पाठवायचे. औषधं कपाटात असायची, तरी चिठ्ठी द्यायचे. काम मिळालं की त्याचा चेहरा सुटायचा, धावत जायचा.'

मी आजवर सगळ्यांना सांगत आलोय, की त्या दिवसांत धावपळ केली ती मी. केलीच होती. केमिस्ट मला ओळखायला लागला होता. एकदा तो म्हणालाही होता, अहो, हे तर कालच नेलंत. मी त्याला म्हणालो होतो, डॉक्टरांना जास्त कळतं.

जेवण गेलं नाही.

२९ मार्च, शनिवार

एक वाचकने काय लिहावं ते दोन दिवस कळेना. शेवटी लिहिलं: 'तुमचा भाऊ भित्रा दिसतो.'

३० मार्च, रविवार

ताईचं उत्तर: 'भित्रा नाही हो. दुसऱ्याला वाईट वाटेल याची त्याला फार धास्ती. म्हणून खरं सांगत नाही, आणि मग त्यालाच जास्त वाईट वाटत बसतं. तुम्हाला आहे का कुणी बहीण?'

घरातल्या गोष्टी अशा परक्या माणसाला सांगाव्यात, हे मला पटलं नाही. तरी उत्तर दिलं: 'आहे, मोठी. फार चांगली आहे.'

तासाभरात पुन्हा पत्र: 'हे तिला कधी सांगितलंत का?'

कॉम्प्युटर बंद केला.

३ एप्रिल, गुरुवार

ठरलं. रविवारी ताईकडे जेवायला जातोय तेव्हा सगळं सांगून टाकायचं. गाद्या, मेल, मालक, सगळं. पहिलं वाक्य पाठ केलंय: "ताई, एक तांत्रिक बाब आहे."

६ एप्रिल, रविवार

ताईला बरं नव्हतं, जेवण पुढच्या रविवारवर गेलं. वाईट वाटलं. सुटलो असंही वाटलं, आणि त्याचं पुन्हा वाईट वाटलं.

१० एप्रिल, गुरुवार

लेख आला. आता मी गुरुवारी दुपारपासून वाट बघतो. ऑफिसात लिफ्टचं वेळापत्रक बाजूला ठेवून वाचला. एका आईवर आहे, पोराला ताप होता आणि तीच वॉर्डभर सगळ्यांना पाणी देत फिरत होती. डोळे भरून आले. तेवढ्यात साहेब आले. प्रिंटरच्या शाईची ॲलर्जी आहे म्हणून सांगितलं.

एवढं चांगलं लिहिते आणि वाचणारा मी एकटा. माझ्यामुळे. हे मी आजवर असं सरळ लिहिलं नव्हतं.

१३ एप्रिल, रविवार. दुपार

ताईकडून आलो. झालं ते क्रमाने लिहितो.

जेवायला ताईची वॉर्डातली मैत्रीणही होती, जुन्या मोठ्या सिस्टर. मी पहिलं वाक्य मनात घोकत होतो, तोच त्या म्हणाल्या, गुरुवारचा लेख वाचून त्यांच्या सुनेलाही रडू आलं. त्या पाणी देणाऱ्या आईचा.

माझा घास हातातच राहिला. म्हटलं, तुम्ही कुठे वाचलात? त्यांनी मोबाइल पुढे केला. पत्ता वेगळाच. ताईचं नाव, फुकटातला साधा पत्ता, लेखाखाली प्रतिक्रियाच प्रतिक्रिया. मी वाचतो त्या जुन्या पानावर आला तोच लेख, त्याच दिवशी. बायको वरण वाढत होती. तिने वर बघितलं नाही, म्हणजे तिलाही ठाऊक होतं.

जेवणं झाल्यावर ताईच्या मागोमाग स्वयंपाकघरात गेलो. ती भांडी विसळत होती. मी म्हणालो, ताई, एक तांत्रिक बाब आहे. ती म्हणाली, गाद्यांची ना?

'बास करते' म्हणाली त्याच्या दुसऱ्या दिवशी ती याच सिस्टरकडे रडली होती. सिस्टरनी तिचा पत्ता उघडला तर गाद्या. वाचक कंटाळले नव्हते, त्यांना पान सापडत नव्हतं. दोघींनी बसून नवीन ब्लॉग उघडला, जुने लेख त्यावर चढवले, लोकांना फोन करून पत्ता कळवला. अर्ध्या दिवसात झालं. मेल स्वतःचा, पासवर्ड स्वतःचा.

मी विचारलं, मग मला का नाही बोललीस? ती म्हणाली, बोलणारच होते, तेवढ्यात तुझं पत्र आलं.

तुझं, म्हणाली. मी काहीतरी बोलू लागलो. तिने हातानेच थांबवलं. म्हणाली, 'नेहमीच्या ठिकाणी' तर गाद्या होत्या, मागच्या खोलीची किल्ली दोघांकडेच, आणि पत्र मी काही लिहिलं नव्हतं. नवीन ब्लॉग चालू झाल्यावर जुन्या पानावर लिहिणं बंद करणार होती, पण केलं नाही. प्रत्येक लेख ती दोन्हीकडे टाकत राहिली.

मी विचारलं, का. तिने नळ बंद केला.

"तिकडे सगळे वाचतात रे. इकडे एकच जण यायचा. पण त्याला मी इतकी वर्षं लिंक पाठवत होते."

मी पुसायचं फडकं घेतलं. ताटं पुसली. ती आधीच पुसलेली होती, तरी तिने काही म्हटलं नाही.

१३ एप्रिल. संध्याकाळ

ताईचा नवीन ब्लॉग उघडला. पहिल्यापासून वाचतोय. बाबांच्या लेखाखाली प्रतिक्रिया लिहायची ठरवली, माझ्या स्वतःच्या नावाने. बरंच काही लिहिलं, खोडलं. शेवटी एवढंच ठेवलं: 'वाचलं. तुझा भाऊ.'

पाठवलं. खाली ओळ आली, की आपली प्रतिक्रिया ब्लॉगच्या मालकाच्या मंजुरीसाठी थांबली आहे.

पुन्हा पुन्हा उघडून बघतोय. अजून मंजूर झालेली नाही. ताई पडली असेल जरा.