चवळीच्या मुळांवरच्या गाठी

आप्पा, आज अक्कलकुव्याच्या शेतकरी मेळाव्यात तिने पुन्हा तुमची गोष्ट सांगितली. तोरणमाळची ती, माझ्याबरोबर शिकलेली, आता माझ्यासारखीच शेतीखात्यात अधिकारी आहे. मी पहिल्या रांगेत हसऱ्या चेहऱ्याने बसले होते आणि आतून जळत होते. बाप माझा, आणि गोष्ट सांगणार ती.

तुम्ही संशोधन केंद्राच्या शेतावर मजूर होतात आणि आम्हा दोघींचा चवळीचा प्रयोगही तिथेच होता. हवेतलं नत्र कुठला वाण मुळांवरच्या गाठींत जास्त बांधतो, ते मोजायचं होतं. माझे वाण केंद्रातले, तिचा घरून आणलेला, डोंगरातला. झाड फुलावर आलं की वीतभर लांबून कुदळ घालायची, ढेकळासकट उचलून बादलीत भिजवायचं, मग लहान पोराचं डोकं धुवावं तशी मुळं धुवायची, हे तुम्ही मला शाळेत असतानाच शिकवलं होतं. आता तेच तिला शिकवत होतात. तिला बेटा म्हणत होतात. मला कधी म्हणालात? तिला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आवडते म्हणून आई तुमच्या डब्यात एक जास्त द्यायला लागली, तेव्हा तर माझा नुसता तिळपापड झाला.

मोजणीच्या दिवशी तिला ताप होता. तिच्या वाफ्यातली झाडं काढायचं काम ऐन वेळी माझ्याकडे आलं, तिला ते माहीत नव्हतं. मी कुदळ बाजूला ठेवली आणि मोजणीपुरती झाडं हाताने ओढून काढली. गाठी मातीतच राहिल्या आणि तिचा वाण सगळ्यांत खाली गेला. दुसऱ्या दिवशी ती मोजणीचा कागद घेऊन बांधावर बसली आहे, रडतही नाही. तुम्ही त्या रिकाम्या जागेत कुदळ घालता, माती चाळता, तळहातावर सुट्या गाठी घेऊन माझ्याकडे बघता. मग तिच्याकडे जाता.

"मन्ही चूक शे, बेटा. मी झाडं उपटी टाकात."

वाफ्यात उरलेली झाडं तुम्ही एकट्याने, एकेक करून खणलीत. तिचा वाण पहिला आला. मला तुम्ही एका शब्दाने बोलला नाहीत, आणि तुम्ही जाईपर्यंत घरात तो विषय निघाला नाही.

एक मजूर माणूस स्वतःची चूक सांगायला माझ्यापुढे येऊन उभा राहिला, असं ती मेळाव्यात सांगते, आणि लोक टाळ्या वाजवतात. जेवताना तिने मला विचारलं, आप्पा घरी कधी बोलले का गं त्याबद्दल? मी नाही म्हटलं आणि वरण वाढून घेतलं.

हे पत्र खरं तर तिच्या हातात द्यायला हवं. ते माझ्याच कपाटात राहणार आहे. लाज वाटते, ती आहेच, पण कारण वेगळं आहे. खरं कळलं तर तुम्ही तिच्या नजरेत आणखी मोठे व्हाल, आणि तेवढंही मला तिला द्यायचं नाही.