राबाचा सांगावा

टाकवे बुद्रुक, मे १९३८

इनामदारसाहेब,
तुमचं कूळ हौशीराम याचा रामराम.

राब भाजायच्या आदल्या दिवशी मालकाला सांगावा धाडायचा, ही आमची वाडवडलांपासूनची रीत. हा तोच सांगावा.

टेकाडाखालचा माळ आमा चार कुळांचा राबाचा. फांद्या, शेण, पाचोळा पसरून जाळायचा अन् त्या राखेत भाताचं रोप टाकायचं. यंदा तुमी तितं लोणावळ्याला विकायच्या गवताच्या गंज्या रचल्या, तारेचं कुंपण घातलं. आमी इचारायला आलो, तर म्हणालात, "हक्काचा कागद दाखवा." राखेचा कागद कुटनं आणायचा?

कुंपणाला लागून एक पट्टा उरलाय. राब तितंच रचलाय.

एरवी आमी सकाळीच राब पेटवतो. वारा जिकडं जातो, त्या टोकाला काडी लावायची, म्हंजे आग हळूहळू मागं सरकते. दुसऱ्या टोकाला लावली, तर ती धावत सुटते. दुपारी वारा गंज्यांकडं असतो. अन् जेवण करून तुमी त्याच गंज्यांच्या सावलीला आडवं होता, हे मला ठावं हाय.

इतकं लिहून झालं, तवा माझी बायको सरुबाई म्हणाली, "पत्र देऊन या. पाप लागंल." तुमच्या दारापतूर गेलतो. तसाच माघारी आलो.

ह्या पत्राचा कागद चांगला कोरडा हाय. उद्या दुपारी राबाखाली हाच घालीन. कुटल्या टोकाला, ते अजून ठरवलं न्हाई.

तुमच्याच मातीतला,
हौशीराम