ठाण्याचं शुल्क, टिटवाळ्याचं शुल्क आणि वन्संची खोली

रवि. ४ जाने.
सोसायटीची मीटिंग, गच्चीवर. विषय, आपली बिल्डिंग पाडून नवी बांधायचा. खुर्च्या कमी, माणसं जास्त. बिल्डरने या वेळी नवा माणूस पाठवलेला. हातात तो लाल दिव्याचा लेसर, टाकीच्या भिंतीवर तक्ता. ठाणे, कल्याण, टिटवाळा असे रकाने आणि खाली बांधकाम परवानगीचं शुल्क. ठाण्याचा आकडा टिटवाळ्याच्या चौपट, कल्याणच्याही जवळजवळ चौपट. म्हणे, "ठाण्यात परवानगीलाच एवढे भरायचे, तर तुम्हाला जादा जागा कुठून देणार? आहे तेवढं घर नवं करून मिळेल, लिफ्ट मिळेल, पार्किंग मिळेल." सगळे माना डोलावतायत. अठ्ठावीस घरं आणि एकही हिशेब विचारत नाही!

मला राहवेना. उभी राहिले. "अहो, नियमावली आता एकच आहे. विकास शुल्काचा टक्का इथे तोच, तिथेही तोच. चौपट होईलच कसं?" चौतीस वर्षं आर्किटेक्टच्या ऑफिसात नकाशे काढलेत मी, परवानगीच्या फायली बांधल्यात. लेसरवाला हसला. "ताई, तुम्ही रिटायर कधी झालात?"

असं डोकं फिरलं! म्हटलं, तीन आठवडे द्या, कागद आणून दाखवते. आमचे सेक्रेटरी गावडे मालवणचे. म्हणाले, "द्या वेळ. बाई खोटा बोलूची नाय." बिल्डरच्या प्रस्तावावर मतदान २५ला.

सोम. ५ जाने.
हे सकाळपासून, "अगं, सगळ्यांसमोर पैज लावून आलीस, आता निस्तर."

निस्तरेन की. ह्यांना काय, सख्खी बहीण असून तिच्या खोलीचं ह्यांच्या डोक्यात येत नाही. वन्सं अकरा वर्षं आमच्याकडे आहेत, त्यांचे यजमान गेल्यापासून. अकरा वर्षं हॉलमधल्या दिवाणावर. आम्ही टीव्ही बंद करू तेव्हा त्यांची रात्र, दूधवाला बेल मारेल तेव्हा त्यांची सकाळ. पाहुणे आले की पातळ बदलायला बाथरूम. एका शब्दाने तक्रार नाही, म्हणून मलाच जास्त लाज वाटते. नव्या बिल्डिंगमध्ये त्यांना दाराची खोली हवी. दहा बाय दहा, बास. जादा जागा नाही मिळाली तर नव्या हॉलमध्ये पुन्हा तोच दिवाण, आणि आता पुन्हा काही बिल्डिंग पाडणार नाहीत आमच्या हयातीत.

गुरु. ८ जाने.
फोन, फोन, फोन. ठाण्याचा कागद गावड्यांनीच शेजारच्या सोसायटीतून मिळवला. कल्याणला आमच्या ऑफिसातले जुने कदम आहेत, ते शोधून ठेवतो म्हणाले. टिटवाळ्याला आमचा पुतण्या प्रसाद. त्यांची बिल्डिंग नुकतीच नव्याने उभी राहिली, कमिटीत तोच होता. "काकू, दोन मिनिटांत पाठवतो," म्हणाला आणि खरंच दोन मिनिटांत फोटो आला. शुल्काचं पत्र, खाली भरायची रक्कम. गुणी पोर.

संध्या.
भागाकार केला. चौरस मीटरला ठाण्याच्या पाव.
पुन्हा केला. पाव.
विकास शुल्क जमिनीच्या सरकारी भावावर काढतात, टिटवाळ्याचा भाव कमी, मान्य. पण इतका? म्हणजे तो लेसरवाला खरा? आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला? ह्यांना सांगितलं नाही. वन्संनी विचारलं, जेवली का नाहीस. म्हटलं ॲसिडिटी.

बुध. १४ जाने.
संक्रांत. तळमजल्यावर हळदीकुंकू. वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या. हातावर तिळगूळ ठेवता ठेवता जी ती विचारतेय, "काय झालं हो तुमच्या कागदांचं?" होतंय, होतंय. तिसऱ्या मजल्यावरच्या पाटीलबाई म्हणाल्या, "सुनंदाताई, सह्या करून टाकू हो. लिफ्ट तरी मिळेल. माझे गुडघे बघा." मी फाडकन म्हटलं, "तुमच्या गुडघ्यांपायी सगळ्यांच्या खोल्या घालवायच्या का?" गोड बोला म्हणायच्या दिवशी! त्यांचं तोंड एवढंसं झालं. घरी आल्यावर वाईट वाटलं. वन्सं म्हणाल्या, "तू भांडायला लागलीस की समोर कोण आहे ते बघतच नाहीस."

हे काही खरं नाही. कदमांचा कागद अजून नाही, टिटवाळ्याचा मात्र डोळ्यांत खुपतोय. फोटोवर भरवसा नको. स्वतः जाऊन फाइल बघते.

शनि. १७ जाने.
टिटवाळा. वन्संनाही नेलं, गणपतीचं दर्शन होईल म्हणून. मग प्रसादकडे. त्याने फाइल पुढ्यात टाकली. पत्राचं पान उलटलं आणि मागे तक्ता! चार हप्ते, पहिला सगळ्यात मोठा. मी ज्याला पूर्ण रक्कम समजले तो नुसता पहिला हप्ता.
"अरे प्रसाद, हे पान का नाही पाठवलंस?"
"काकू, तुम्ही म्हणालात पत्र पाठव. पत्र तर पहिलंच पान आहे ना!"

हात्तिच्या! त्याला काय बोलणार, चूक माझीच. आमच्या वेळी सगळं एकरकमी. साहेब डिमांड ड्राफ्ट द्यायचे, मी फाइलला लावायची, विषय संपला. हप्ता हा प्रकार मला माहीत असता तर पहिल्याच दिवशी मागचं पानही मागितलं असतं. चौतीस वर्षांचा तोरा उतरला माझा.

तिथेच बसून चारही हप्ते मिळवले. टक्का अगदी आपलाच. ठाणे महाग आहे, पण दुप्पटसुद्धा नाही. आणि मग डोक्यात उजेड पडला. माझ्या चुकीमुळे जी "चौपट" आली होती, तीच भिंतीवर होती! म्हणजे त्यांनीही तिथला पहिला हप्ता आणि इथली पूर्ण रक्कम शेजारी शेजारी मांडलेली. चुकून की मुद्दाम, ते त्यांचं त्यांना ठाऊक.

प्रसादच्या बायकोने वन्संना घर दाखवलं. मागची खोली अजून रिकामी. वन्सं तिथल्या खिडकीशी बराच वेळ उभ्या होत्या. "सुनंदा, इकडे ये गं, वारा बघ कसा येतो." मी हो हो म्हटलं. हप्ते उतरवून घेत होते.

सोम. १९ जाने.
कदमांचा कल्याणचा कागद हातात. दोन्ही पानं. तिथेही हप्ते, टक्का तोच. पैज जिंकली!

तक्ता स्वतःच्या हाताने काढला, शाईने. ठाणे जास्त आहे तेही स्पष्ट लिहिलं, जमीन महाग म्हणून शुल्क जास्त. छाननी शुल्क जी ती महापालिका आपलं ठरवते, पण ती चिल्लर, तीही लिहिली. हे म्हणाले, "ठाणे जास्त आहे हे कशाला लिहितेस? नुसतं हप्त्यांचं सांग, त्याची जिरेल." म्हटलं, उद्या कोणी तेच विचारलं तर मी तोंडघशी पडेन. त्यापेक्षा मी आणखी एक रकाना घालते : बिल्डर ठाण्यातलं घर विकतो केवढ्याला आणि टिटवाळ्यातलं केवढ्याला. शुल्क इथे जास्त, तर भावही इथे जास्त. तो रकाना लेसरवाला बरा विसरला!

रवि. २५ जाने.
झाली मीटिंग. आधी पाटीलबाईंची माफी मागितली, चारचौघांत. त्या म्हणाल्या, "असू द्या हो, तुम्ही तुमचा तक्ता दाखवा." मग माझी चूक सांगितली, सगळी. टिटवाळ्याचं एकच पान बघून मी कशी फसले ते. लोक हसले. हसू दे. मग लेसरवाल्याला विचारलं, "तुमच्या तक्त्यात टिटवाळ्याचे किती हप्ते धरलेत?"
तो कागद चाळायला लागला. चाळतोय, चाळतोय.
"ताई, ऑफिसात विचारून सांगतो."
गावडे म्हणाले, "विचारा, विचारा. आमी खंय जातंव!"

अठ्ठावीसपैकी सव्वीस हात वर. सही नाही. नवा प्रस्ताव लेखी आणा. खाली उतरताना पाटीलबाई माझ्या खांद्याला धरून उतरल्या. खूप बरं वाटलं. कोणी काही म्हणो, आपल्याला काम येतं.

शुक्र. ३० जाने.
बिल्डरचं पत्र आलं! प्रत्येक घराला जादा जागा. मागितली तेवढी नाही, पण एक खोली बसते. मी लगेच ड्रॉइंग बोर्ड काढला. हॉल जरासा आखडला, पॅसेज खाल्ला आणि कोपऱ्यात दहा बाय साडेनऊ. दार, खिडकी, कपाटाची जागा. दुपारी नकाशा वन्संपुढे धरला. चष्मा लावून त्यांनी नीट बघितला.
"छान काढलीयस. पण बांधून कधी होणार?"
"तीन वर्षं. चार धरा."
"आणि तोवर?"
"तोवर भाड्याच्या घरात."
"म्हणजे परत हॉल." मग म्हणाल्या, "मी तेव्हा त्र्याहत्तरची असेन गं. प्रसाद म्हणतो, आत्या, मागची खोली रिकामीच आहे, कधीही ये. त्या दिवशीच म्हणाला."
मी म्हटलं, "मग तेव्हाच का नाही बोललात?"
"तू विचारलंस कुठे? तू लढत होतीस. छान लढत होतीस, मग मधे कशाला बोलू?"
रागावून म्हणाल्या असत्या तर मीही भांडले असते. त्या हसत म्हणाल्या.

शनि. ३१ जाने.
ह्यांना सांगितलं. ते पेपर उलटा धरून बसले. खरं म्हणजे मला वन्सं जायला नकोत. अकरा वर्षांची सवय, दुसरं काय. पण हे झालं माझ्या मनाचं. त्यांचं काय? इथली, तिथली, कल्याणची, सगळीकडची चौकशी करून आले आणि घरातल्या बाईला विचारलं नाही!

दुपारी वाटाणे सोलत होतो. विचारलं. "वन्सं, माझं सोडा, ह्यांचं सोडा. तुम्हाला कुठे राहायचंय?"
त्यांनी हातातली शेंग परातीत ठेवली.
"असं मला आजवर कोणी विचारलंच नाही गं. लग्नाआधी नाही, लग्नानंतर नाही, आमचे हे गेल्यावरही नाही. आता एकदम काय सांगू?"
सांगू नका एकदम, म्हटलं. सगळे वाटाणे संपेपर्यंत बसलो. मी परत विचारलं नाही. गावड्यांचा फोन आला, मंगळवारपर्यंत प्रत्येक घराने आपापला नकाशा द्यायचाय. कोपऱ्यातली खोली ठेवायची की नाही, ते वन्सं सांगतील तेव्हा.