बाबाची खुर्ची अन् रुमाल

मंगळ., ११ नोव्हें., अमरावती
मेली मी! सेंटरसाठी मीच लिहिलेल्या नंबर लावायच्या प्रोग्रामनं बाबाची डायलिसिसची खुर्ची दोघांले देऊन टाकली. सकाळी सेंटरवर गेलो तं रिकामी खुर्ची एक, अन् वेळेचा मेसेज दोघांच्या मोबाइलवर. बाबाच्या, अन् फुलं विकणाऱ्या कमलाबाईच्या. बाबानं सरळ बाईले बसवलं. "मी थांबतो न. तिले दम लागून राह्यला." दम काय, त्यांनाही लागत होता! संध्याकाळी एक खुर्ची सुटली तेव्हा पाळी लागली. तोवर माझ्या जिवात जीव नव्हता. सिस्टर म्हणाल्या, शुक्रवारी पुन्हा असं झालं तं हा प्रोग्राम बंद.

बुध., १२
ऑफिसच्या कामाले अकोला. डोक्यात तेच. नाव नोंदवायचे दोन काउंटर, प्रत्येकासाठी प्रोग्रामात एकाच वेळी चालणारा वेगळा धागा, म्हणजे दोन थ्रेड, अन् यादी एकच...
परतीची एसटी लागली. दोन बायांनी दोन खिडक्यांतून डोकावलं, दोघींले एकच सीट रिकामी दिसली, दोघी दारातून चढल्या, अन् जुंपली. मागच्या सीटवर मात्र कोण्या आजोबांचा रुमाल पडलेला. तिथं कोणी गेलं नाही.
अरे, हेच तं! माझे दोन्ही थ्रेड खुर्ची रिकामी आहे हे आधी पाहतात, नाव मग टाकतात. मधात फट. रुमालच नाही न कुठं.

गुरु., १३
लॉक टाकलं. एका थ्रेडनं यादी धरली की दुसरा बाहेर थांबते. पाहायचं, नाव टाकायचं, मगच सोडायचं. ढीगभर थ्रेड एकाच खुर्चीवर सोडले, एकालेच मिळाली. नाचलीच मी!
मग मुद्दाम मधातच एरर पाडली, तं सगळं ठप्प. रुमालवाला गेला, रुमाल सीटवरच. आता एरर आली तरी लॉक सुटते.
बाबाले सगळं रुमालावरूनच सांगितलं. "बरं हाय," म्हणाले. बस, एवढंच.

शुक्र., १४
हुश्श! बाबाची खुर्ची बाबाचीच. कमलाबाई बाजूच्या खुर्चीवर, मजेत. सिस्टरही हसल्या. मले तं रडूच आलं.
पाणी घेऊन आली अन् पाहते तं काय, बाबाच्या खुर्चीच्या हातावर त्यांचा निळा रुमाल.
"बाबा, आता हे काहून?"
"तुया प्रोग्रामवर भरोसा हाय वं. पण राहू दे."
मंगळवारी रुमाल घरी ठेवतात का, पाहतेच.