आर्नल्डच्या कागदावर माझी सही नाही

प्रिय हेदर,

कबुतरं अजून तुझीच आहेत, हे आधी सांगते, म्हणजे पुढचं नीट वाचशील. तुझ्या आर्नल्डआजोबांना पुरून आठवडा झाला नाही तोच नायजेलमामा रविवारी जेवायला आला आणि ताटातलं मांस संपायच्या आत मृत्युपत्र मागू लागला. त्यात कबुतरांचं खुराडं आणि मागची जमीन तुझ्या नावे आहे, आणि ते पार पाडायचं काम माझ्याकडे. मी बाजूला झाले तर त्याच्याकडे. तसं झालं असतं तर तुझी जमीन 'खर्चापायी' विकली गेली असती आणि घेणारा त्याचाच दोस्त निघाला असता.

तर म्हणतो कसा, आई, कोर्टाचं प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्राला मंजुरी, हवी तर पप्पांच्या सहीखाली तुझी सही लागते. म्हटलं, नाही करणार. बोलणं त्यांचं, सही त्यांची. मी काय शाळामास्तर आहे, वही तपासायला? मग म्हणे, हट्ट सोड नाहीतर काम सोड, तुला कुठे शाळा झालीय. आणि झेरॉक्स काढायला म्हणून काट्याने कागदांची पिन उचकटू लागला. मी रश्श्याचा चमचा त्याच्या बोटांवर हाणला.

दुसऱ्या दिवशी कागद पिशवीत घालून वाचनालयात गेले. तिथल्या शाझियाने कॉम्प्युटरवर अर्ज भरला. म्हणाली, बेरिलआजी, सही करायची पद्धत जुनी झाली. ऑनलाइन अर्जाला मूळ मृत्युपत्रावर कुणी काही लिहायचं नाही, खूण नाही, सही नाही. आहे तसं पाठवायचं, पिनसुद्धा काढायची नाही. म्हटलं, हेच माझ्या मुलाला फोनवर सांग बरं, सावकाश सांग, त्याला शाळा फार झालीय. काल कोर्टाची मंजुरी आली. माझ्याच नावावर.

आता लिहायचं कारण. माझ्या छातीचा फोटो बघून डॉक्टर फार गोड बोलला. साठ वर्षांत माझ्याशी कुणी गोड बोललेलं नाही, तेव्हा काय ते समजले. मी माझंही मृत्युपत्र केलंय आणि ते पार पाडायला तुलाच नेमलंय. दुसरं नाव घातलेलं नाही. कबुतरांच्या पिलांच्या पायात नंबराच्या कड्या घालायच्यात, माझे हात थरथरतात, तेव्हा लवकर ये. मी गेल्यावर मामा पेन घेऊन येईल. चमचा वरच्या खणात आहे.

तुझीच, अजून कुणापुढे न वाकलेली,
बेरिलआजी